एकोणीस वर्षांचा गळा

शकुताई वर्तक इतक्या घाबरट होत्या, की डबिंग स्टुडिओच्या दारावर आधी टकटक करायच्या आणि मग आत यायच्या. ज्या दाराबाहेर बॉम्ब फुटला तरी आत कळायचं नाही, त्या दारावर टकटक! ऐकणार कोण? बाई बाहेर वाट बघत उभ्या, आणि आम्ही आत, ताई अजून का आल्या नाहीत म्हणून त्यांना फोन लावतोय. फोन वाजला की त्या दचकायच्या आणि तो हातातून खाली पडायचा. असे चार फोन त्या दाराशी शहीद झालेले मी स्वतः पाहिलेत. बरं, दोन धरा. पण दुसऱ्याची काच उडून माझ्या चहात पडली होती, हे खरंय.

स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला, एका इमारतीच्या तळघरात. पूर्वी तिथे गाड्या उभ्या करायचे. पुढे भिंतींना स्पंज चिकटवला, मधे एक काच बसवली आणि झाला स्टुडिओ. काचेच्या आत माइक आणि शकुताई. काचेच्या बाहेर आवाजाची यंत्रं सांभाळणारा विक्रोळीचा संदेश, आणि त्याच्या शेजारी मी, संवाद लिहिणारा. आम्हा तिघांचा पोशिंदा म्हणजे बोरिवलीचा निर्माता जयूशेठ.

जयूशेठचा सिनेमा म्हणजे मढच्या समुद्रकाठचा एक भाड्याचा बंगला, एक स्विमिंग पूल आणि पाच स्विमसूट. गोष्ट बदलायची, स्विमसूट तेच. एका सिनेमात नायिका, नायिकेची मावशी आणि खलनायिका या तिघींनी एकच पिवळा स्विमसूट आळीपाळीने घातला, त्यामुळे त्या सिनेमात तिघी एकमेकींना कधी भेटूच शकल्या नाहीत. पूल कमरेपर्यंतच भरायचा. एक तर टँकर वाचायचा, आणि दुसरं म्हणजे पाण्याने झाकलं तर दाखवायचं काय? याला तो 'फॅमिली कॉमेडी' म्हणायचा. एका मोबाइल अ‍ॅपवर हे सिनेमे यायचे आणि अख्खा महाराष्ट्र ते पांघरुणाखाली बघायचा.

पुरुष पात्रांना त्यात नावं असायची, आडनावं असायची, एका काकांना तर मूळव्याधही होती. मुलींना मात्र आकडे. मुलगी एक, मुलगी दोन, अशा पाचपर्यंत. मी एकदा धीर करून विचारलं, "शेठ, मुलींना पण नावं ठेवू या का?"

"नावं ठेवायला सोसायटीवाले आहेत की," जयूशेठ म्हणाला.

या पाच मुली कुठून कुठून आलेल्या असायच्या. कुणाला मराठी येत नसे, आणि येत असलं तरी उपयोग नव्हता. समुद्राचा वारा, जनरेटर आणि पलीकडच्या बंगल्यात चाललेलं दुसऱ्या कुणाचं शूटिंग, यात मढला रेकॉर्ड केलेला आवाज वापरण्याजोगा राहायचा नाही. त्या कच्च्या आवाजाला आमच्यात 'पायलट' म्हणतात. डबिंग करणाऱ्याच्या कानात तो आधारापुरता वाजतो; वर नवा आवाज चढवला की तो पुसून टाकायचा. तर जयूशेठच्या सगळ्या सिनेमांतल्या सगळ्या मुलींचा नवा आवाज, त्यांचं खिदळणं, लाडात येणं, पाण्यात पडल्यावर 'अय्या गं!' करून किंचाळणं, हे सगळं एका गळ्यातून यायचं. शकुताई वर्तक, मुलुंड पूर्व.

मी तो आवाज आधी ऐकला आणि बाई नंतर पाहिल्या. आवाज एकोणीस वर्षांचा. मी जवळजवळ प्रेमातच पडून त्या तळघरात उतरलो होतो, आता सांगायला हरकत नाही. खाली पाहतो तर साठीच्या घरातल्या एक बाई, कानाला मफलर, हातात थर्मास, पदराला दोन ठिकाणी सेफ्टी पिना. एसीकडे बघत म्हणत होत्या, "मला ना, भीती वाटतेय."

"कसली?" मी विचारलं.

"अजून ठरलं नाही रे. पण वाटतेय."

हे त्यांचं रोजचंच. आधी भीती यायची, कारण मागाहून यायचं. लिफ्टची, पालीची, अनोळखी नंबरची, ओळखीच्या नंबरची तर जास्तच. आपला आवाज ओला होईल म्हणून त्या माइकसमोर पाणी प्यायच्या नाहीत आणि कोरडा पडेल म्हणून माइकपासून लांब जायच्या नाहीत. पण काचेआडचा लाल दिवा लागला की बाई गायब! तिथे एक मुलगी उभी राहायची. एक कुठली, पाच. डोळे मिटून ऐकलं तर एकीच्या अंगाला पावडरचा वास यायचा आणि दुसरीच्या तोंडाला बडीशेपेचा.

हे कसं जमायचं ते त्यांनीच एकदा सांगितलं. जयूशेठने आकडे दिलेल्या मुलींना शकुताई गुपचूप माणसं करायच्या. "ही मुलगी दोन आहे ना, ही नालासोपाऱ्याची. हिचा भाऊ दहावीला आहे. ही तोंड उघडून हसायची नाही, हिची दाढ किडलीय." आणि मग सबंध सिनेमाभर मुलगी दोन ओठ मिटून हसायची. "ही चार नंबर कांदिवलीची, सासरी नांदत नाही. हिला 'जानू' म्हणायला लावू नकोस, हिच्या घशात अडकतो तो शब्द." मी 'जानू' खोडून 'अहो' लिहायचो. माझ्या संवादांना लोक वास्तववादी म्हणत असतील तर त्याचं श्रेय त्या किडलेल्या दाढेला आहे.

पण डबिंगवाल्याला बोलायला ओठ लागतात. पडद्यावरचे ओठ हलतील तसं बोलायचं. आणि जयूशेठचा कॅमेरा तर मुलगी बोलू लागली रे लागली की खाली घसरायचा.

"संदेश, मागे घे रे. ही बोलतेय कुठून?" आतून आवाज यायचा.

"ताई, कॅमेरा तिकडे नाहीये."

"मग मी कशावर बोलू? गुडघ्यावर?"

"गुडघा तरी कुठाय ताई फ्रेममध्ये," संदेश मान खाली घालून म्हणायचा.

याच अडचणीत शकुताईंना एक चोरवाट सापडली. ओठ दिसतच नसतील तर मुलीने काय म्हटलं हे कुणाला कळणार? लांबी जुळली म्हणजे झालं. मी लिहिलं होतं, 'इश्श, असं काय बघता!' शकुताई तेवढ्याच लाडात, तेवढ्याच लांबीत म्हणाल्या, "काका, डोळे वर. वर!" संदेश माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. चालून गेलं. मग हळूहळू त्या कंबरा आणि पाठी बोलायलाच लागल्या. एकीला थंडी वाजायची, एकीची बी.कॉम.ची परीक्षा असायची. एकदा कॅमेरा एका मुलीवरून इतका रमतगमत फिरला, की तेवढ्यात त्या मुलीने रेशनकार्डावर नाव चढवायला काय काय लागतं ते सगळं सांगून टाकलं. तो सिनेमा पाहून कुणाचं तरी काम झालं असेल, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे.

प्रत्येक चोरीनंतर बाई काचेबाहेर येऊन घामाघूम व्हायच्या. "पकडतील रे लेखका. मला कळतंय, पकडतील."

पण पकडणार कोण? जयूशेठ आपले सिनेमे फोनवर आवाज बंद करून तपासायचा. घरी बायको, गाडीत ड्रायव्हर. त्याच्या सिनेमातल्या मुलींना आवाज असतो हे त्याला बिल बघून कळायचं.

तर मग ही बाई नेमकी कशाला घाबरायची? त्याचं एकच उत्तर होतं: घरी कळेल.

वर्तकसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, विक्रोळीच्या एका कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांची समजूत अशी, की आपली बायको अंधेरीला लहान मुलांच्या कार्टूनमधल्या सशाचा आवाज काढायला जाते. एके काळी ते खरंही होतं. नात्यात, सोसायटीत, गणपतीत, सगळीकडे ते अभिमानाने सांगायचे, "आमच्या हिचा ससा!" तो ससा कधीच बंद पडला, आणि सशाच्या जागी जयूशेठ आला. सांगायचं राहून गेलं, मग सांगता येईनासं झालं.

"ओरडतील का?" मी एकदा विचारलं.

"ओरडणारे असते तर काय हवं होतं! ते गप्प होतात रे. एकदा न विचारता पडदे बदलले तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत गप्प. पडद्यांसाठी! आणि हे..." त्या थर्मासचं झाकण लावत होत्या, उघडत होत्या, पुन्हा लावत होत्या. बाई घाबरल्या की मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

म्हणून त्यांनी काय केलं, तर मुलुंडला घराबाहेर पडलं की घोगऱ्या आवाजात बोलायचं. भाजीवाल्याशी, वॉचमनशी, भिशीतल्या बायकांशी, अगदी भरड्या, रेड्यासारख्या आवाजात. सोसायटीतल्या बायकांना वाटायचं, बिचारीचा घसा गेलाय. त्या ज्येष्ठमधाच्या काड्या आणून द्यायच्या. शकुताईंच्या घरी इतका ज्येष्ठमध साठला, की त्यावर पूर्व उपनगरांतल्या सगळ्या कीर्तनकारांचा चातुर्मास निघाला असता.

आणि एका सकाळी लिफ्टमध्ये घोटाळा झाला. आत शकुताई आणि सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे मोठं करडं प्रकरण. गच्चीवर मुलींनी वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल नोटीस लावणारे गृहस्थ. हातात दुधाची पिशवी. मधल्या मजल्यावर लिफ्टला हिसका बसला, आणि शकुताईंच्या तोंडून घोगरा नव्हे, तर आतला, अस्सल, एकोणीस वर्षांचा आवाज सुटला: "अय्या गं!"

सेक्रेटरींच्या हातून दूध पडलं.

लिफ्ट चालू झाली. दोघंही दाराकडे बघत उभे. पायाखाली दूध. तो आवाज सेक्रेटरींनी ओळखला होता, आणि त्यांनी ओळखला हे शकुताईंनी ओळखलं होतं. आता सांगा, दोघांत जास्त घाबरलेलं कोण? ती म्हणणार का, मी त्यात बोलते? तो म्हणणार का, मी ते बघतो? त्या दिवसापासून सेक्रेटरी जिन्याने जाऊ लागले. मी हे संदेशला सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरून पडला. पण शकुताईंना त्यात गंमत दिसेना. "त्याने ओळखलं म्हणजे कुणीही ओळखेल," एवढंच त्या म्हणत राहिल्या. नंतर किती तरी दिवस त्या घरीसुद्धा जपून जपून बोलायच्या, आणि वर्तकसाहेब विचारायचे, सशाला फार ओरडावं लागतं का गं?

अशात जयूशेठचा नवा सिनेमा आला. 'टॉवेल गेला चोरीला'. नावातच गोष्ट आली. मुलगी तीन पुलात उतरलेली, दोन टवाळ तिचा टॉवेल पळवतात, ती बाहेर येऊ शकत नाही. विनोद संपला. त्या सीनला माझा संवाद नव्हताच, कागदावर एवढंच होतं: 'मुलगी तीन खळखळून हसते.'

मुलगी तीन नवीन होती आणि मराठी होती. शकुताईंनी सवयीने तिचं ठरवून टाकलं. ही भांडुपची, हिला पोहता येत नाही, म्हणून कडेला धरून उभी आहे. दिवा लागला. पडद्यावर पाणी, पाठ, खांदा. चेहरा नाही. शकुताईंनी हेडफोन दाबून धरला आणि हसल्याच नाहीत.

"ताई, क्यू गेला, हसायची जागा निघून गेली," संदेश म्हणाला.

"परत लाव."

परत लावलं. परत शांतता.

"आवाज वाढव रे. पायलटचा."

संदेशने आमच्या स्पीकरवरही तो कच्चा आवाज सोडला. आधी नुसता वारा आणि जनरेटरचा घरघराट. लांबून कुणी तरी 'कट' म्हणाल्याचं ऐकू आलं. आणि मग अगदी जवळून, दात वाजत असलेल्या एका मुलीचा आवाज.

"दादा, टॉवेल द्या ना. कट झालाय ना? दादा... हे सीनमध्ये नव्हतं. टॉवेल द्या ना."

कॅमेरा चालूच होता. तिच्या आवाजात ते पाणी भरलेलं होतं. कुणी तरी हसलं. ती पुन्हा म्हणाली, "दादा, प्लीज." कॅमेरा हळूहळू खाली गेला.

मी फार बोलका माणूस आहे. त्या वेळी मला एसीचा आवाज ऐकू येत होता.

"हे आपण ठेवतोय?" शकुताईंनी काचेपलीकडून विचारलं.

"शेठने हाच टेक घेतलाय," संदेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "वर तुमचं हसू टाकायचंय ताई. दोन सेकंद."

शकुताईंनी प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. सवयीची बाई, पोटापाण्याचं काम. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि बाहेर आला तो मुलुंडचा भाजी घेतानाचा घोगरा आवाज. पुन्हा केलं, पुन्हा घोगरा. एकोणीस वर्षांचा गळा कुठे तरी दडून बसला होता. बाईंनी गळ्याला हात लावला आणि त्या आमच्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू कुणी त्यांच्या घरात शिरलंय.

संदेशने जयूशेठला फोन केला. तो आला, गॉगल डोक्यावर, खिशात हात.

"ताई, काय यार! हसायचं तर आहे."

"ती रडतेय हो," शकुताई म्हणाल्या.

"कोण रडतंय? चेहरा आहे का फ्रेममध्ये?"

"मी ऐकलं ना."

"पायलट ऐकायचा नसतो ताई, पुसायचा असतो." मग तो खुर्ची ओढून काचेजवळ बसला आणि अगदी प्रेमाने बोलायला लागला. प्रेमाने बोलणारा जयूशेठ मी तोवर पाहिला नव्हता, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. "तुम्ही म्हणालात, नाव नको, मी नाव टाकलं नाही. कधीच नाही टाकलं ना? पण तुम्ही अशी अडवणूक करणार असाल तर या वेळी टाकतो. मोठ्या अक्षरात. सगळ्या मुलींचा आवाज, शकुंतला वर्तक. मुलुंड पण लिहितो पाहिजे तर. वर्तकसाहेबांना किती आनंद होईल!"

लोक नाव यावं म्हणून या धंद्यात आयुष्यं घालवतात. नाव देण्याची धमकी मी तेव्हाच ऐकली. शकुताई स्टुलावर बसल्या. मफलर सोडला, पुन्हा बांधला. जयूशेठचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

"लाव," शकुताई म्हणाल्या.

"ताई, नंतर करू या का?"

"लाव रे संदेश. नंतर माझं धाडस नाही व्हायचं."

आम्हाला वाटलं, हसणार. दिवा लागला. पडद्यावर पाणी, पाठ, खांदा. आणि गळा परत आला. पण ना लाडिक, ना खिदळता. दात वाजत असलेला, थंडीने आखडलेला. "दादा, टॉवेल द्या ना. कट झालाय ना? हे सीनमध्ये नव्हतं." शब्द त्या मुलीचे, श्वास त्या मुलीचा, जिथे ती अडखळली होती तिथे अडखळलेला. वारा नाही, जनरेटर नाही. स्वच्छ. कुणाच्याही कानापासून लपून राहणार नाही इतकं स्वच्छ.

संदेश माझ्याकडे बघत राहिला. मी कागदावरचं 'खळखळून हसते' खोडलं. त्याने 'सेव्ह' दाबलं.

जयूशेठने नेहमीसारखं आवाज बंद करून तपासलं आणि पास केलं.

त्यानंतर अ‍ॅपवाल्यांना सिनेमा दाखवायचा होता. अंधेरीतच एका छोट्या प्रीव्ह्यू थिएटरात, दुपारी. शकुताई अशा ठिकाणी कधी फिरकायच्या नाहीत. त्या दिवशी आल्या आणि शेवटच्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. मी शेजारी. त्यांची खुर्ची इतकी थरथरत होती, की मला वाटलं इमारतीखालून मेट्रो जातेय.

पुढे अ‍ॅपचे साहेब, त्यांची माणसं, सगळ्यांच्या हातात सामोसे. मंडळी हसायलाच आली होती, सुरुवातीची नावं वाचूनही हसली. मूळव्याधवाले काका आले, हशा. कुणी तरी घसरून पुलात पडलं, हशा. मग टॉवेल चोरीला गेला. हशा तयारच होता, अर्धा सुटलाही होता.

"दादा, टॉवेल द्या ना. कट झालाय ना?"

तो अर्धा हशा तिथेच लोंबकळला. एकाचा सामोसा तोंडाशी तसाच राहिला.

"दादा... हे सीनमध्ये नव्हतं."

पडद्यावर कॅमेरा हळूहळू खाली चालला होता, आणि त्या अंधाऱ्या खोलीत एकही माणूस त्याच्याबरोबर खाली जाईना. जो तो मान वळवून बघू लागला, कुठून आला हा आवाज म्हणून. जणू ती मुलगी आपल्यातच कुठे तरी बसलीय.

"लाइट लावा," साहेब म्हणाले. "हे काय आहे?"

"कॉमेडी आहे, सर," जयूशेठ म्हणाला. "अ‍ॅक्टिंग."

"अ‍ॅक्टिंग असेल तर मला घाम का फुटला?" साहेबांनी खरोखर रुमाल काढला. मोठे सज्जन होते असं नव्हे; घाबरले होते. "उद्या ही पोरगी पोलिसात गेली तर? काढा हे. कट म्हटल्यानंतरचं सगळं काढा. मूळसुद्धा माझ्यासमोर पुसा, नाहीतर सिनेमा नको."

पुसलं. संदेशने, सगळ्यांदेखत, मूळ चित्रीकरणासकट. जयूशेठने स्वतः नेऊन ठेवलेली दुसरी प्रतसुद्धा साहेबांनी मागून घेतली. पुसताना संदेशचं बोट जराही थांबलं नाही. त्या भांडुपच्या, किंवा कुठल्याही असेल त्या मुलीला हे कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

बाहेर जिन्यात जयूशेठ शकुताईंजवळ आला. ओरडला नाही.

"ताई, नाव टाकतोय," म्हणाला, आणि गाडीत बसला.

बोलल्याप्रमाणे टाकलं. पुढच्या सिनेमापासून त्याने शकुताईंना बोलावलंही नाही. त्याच्या मुलींचं हसू आता कॉम्प्युटर बनवतो. पण ते पुढचं. या सिनेमाच्या शेवटी पिवळ्याधमक, जाडजूड अक्षरांत सबंध पडदाभर नाव आलं. आणि सिनेमा शुक्रवारी लागणार होता.

गुरुवारी दुपारी मला फोन आला. "लेखका, मुलुंडला येतोस का? काही बोलू नकोस. नुसता येऊन बस. उद्या यांना बाहेरून कुणी तरी सांगेल, त्याआधी मला सांगायचंय." आवाज इतका बारीक, की मी फोन कानावर दाबून धरला होता.

गेलो. वर्तकसाहेब बैठकीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मोड आलेले वाल सोलत होते. उंच, सडपातळ, कपाळावर चष्म्याचा वळ. मला म्हणाले, "या. तुम्ही सशाचे लेखक ना?" मी होही म्हणालो नाही आणि नाहीही. दाराजवळच्या खुर्चीत बसलो.

शकुताई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, का कुणास ठाऊक.

"अहो."

"हं."

"ससा कधीच बंद झालाय."

वर्तकांच्या बोटांत एक वाल होता. तो त्यांनी सोलला, वाटीत टाकला. "मग तू जातेस कुठे?"

"अंधेरीलाच."

त्यांनी फोनच पुढे केला. संदेशने त्यांना सिनेमा आधीच पाठवून ठेवला होता. वर्तकांनी ओली बोटं पंचाला पुसली, चष्मा नाकावर घेतला आणि बघू लागले. मला दिसत नव्हतं, पण तोंडपाठ होतं. पूल, ऊन, एका रांगेत पाच मुली, आणि त्यांच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणारा कॅमेरा. घरात पंख्याचा आवाज आणि फोनमधून येणारं खिदळणं, एवढंच. वर्तकांच्या मानेची एक शीर वर आली. मी माझ्या आयुष्यात गुंडांना घाबरलोय, डॉक्टरांना घाबरलोय, पण सोललेल्या वालांच्या वाटीसमोर मांडी घालून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला इतका कधी घाबरलो नव्हतो.

त्यांनी मान वर न करता विचारलं.

"यातली तू कुठली?"

"सगळ्या," शकुताई म्हणाल्या.

झालं. ते गप्प झाले. ही ती गप्प होण्याची सुरुवात, हे मलासुद्धा कळलं. आता दिवाळी येवो की जावो. शकुताईंनी काही समजावलं नाही, पोटासाठी म्हणाल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या उभ्या. मी उठलो. अशा वेळी परक्या माणसाने तिथे असू नये. चपला घातल्या.

तेवढ्यात वर्तकांनी चष्मा काढला. घडी करून वालाच्या सालींवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना हातातला फोनसुद्धा दिसत नसावा. मग त्यांनी तो फोन उचलून, पूर्वी माणसं सामन्याच्या दिवशी लहान ट्रान्झिस्टर धरायची तसा, कानाशी धरला. डोळे मिटले.

दार लोटताना मला शेवटचं दिसलं ते एवढंच: वर्तक डोळे मिटून बसलेले, शकुताई पदराचं टोक दातात धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघतायत, आणि वर्तकांचा ओला अंगठा फोनच्या कडेवरून बटण शोधत चाललाय. बंद करतायत, असं मला वाटलं. शकुताईंनाही तसंच वाटलं असणार.

मी जिना उतरायला लागलो. एक मजला खाली आलो असेन. वरच्या दारामागे मुलींचा आवाज मोठा झाला.